खलात कुटलेला दात, घोड्याचा दात आणि संत जोसाफातची अस्थी

कुशीनगरला तथागतांचे महापरिनिर्वाण झाले आणि त्यांच्या अस्थींवरून राजे व गणराज्ये शस्त्र घेऊन समोरासमोर आली. महापरिनिब्बान सुत्तात हा प्रसंग आहे. द्रोण नावाच्या ब्राह्मणाने अस्थींचे आठ समान वाटे केले आणि युद्ध टळले. इथपर्यंतची कथा आपल्या बहुतेकांना ठाऊक असते. त्यानंतर या धातूंच्या, म्हणजे अस्थी, दात आणि रक्षा यांच्या नावाने जगात जे घडले ते मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. त्यात लूट आहे, बनावटगिरी आहे, लिलाव आहे आणि एक अस्सल विनोदही आहे.

सुरुवात गोव्यापासून करू.

1560 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय दों कोन्स्तांतिनो द ब्रागांसा याने श्रीलंकेतील जाफन्यावर स्वारी केली. लुटीत सोन्यात मढवलेला एक दात सापडला. तो बुद्धांचा दात म्हणून पूजला जात होता. दात गोव्यात आणला गेला. ही बातमी पेगूला, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये पोहोचली, आणि तिथल्या राजाने दातासाठी लाखो क्रुझादोंची रक्कम देऊ केली. तिजोरीत खडखडाट असलेल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना हा सौदा पटला होता. गोव्याचे पहिले आर्चबिशप गास्पार आडवे आले. मूर्तिपूजेला मदत करून पैसा घेणे हे पाप, असे त्यांचे म्हणणे. शेवटी सर्वांसमक्ष तो दात खलात कुटला, निखाऱ्यांवर जाळला आणि राख नदीत टाकली.

हे सारे लिहून ठेवणारा माणूस पोर्तुगीजच होता. दियोगो दो कुतो याचे नाव. तो गोव्यात राहून पोर्तुगीज दप्तर सांभाळत असे. श्रीलंकेतील बौद्धांची श्रद्धा अशी, की मूळ दंतधातू सुरक्षित लपवला होता आणि तोच आज कँडीच्या दलदा मालिगावात आहे.

आता गंमत पाहा. हाच कुतो कान्हेरीच्या लेण्यांबद्दल लिहिताना म्हणतो, की इथल्या वृद्धांच्या सांगण्यानुसार ही लेणी संत जोसाफातच्या वडिलांनी खोदवली. हा जोसाफात कोण?

मध्ययुगीन युरोपात बारलाम आणि जोसाफात यांची कथा घराघरात माहीत होती. एका भारतीय राजाला मुलगा होतो. हा मुलगा ख्रिस्ती होईल, असे भाकीत होते. राजा त्याला महालात कोंडून वाढवतो. बाहेर पडल्यावर राजपुत्राला रोगी दिसतो, वृद्ध दिसतो, मृत्यूची जाणीव होते. बारलाम नावाचा तपस्वी त्याला भेटतो आणि राजपुत्र राज्य सोडतो. पुढे आणखी काही सांगायला हवे का?

नावाचा प्रवासही माग काढता येतो. बोधिसत्त्वचे अरबीत बुदासफ झाले. अरबीत ब आणि य या अक्षरांत केवळ एका ठिपक्याचा फरक, म्हणून बुदासफचे युदासफ झाले. जॉर्जियन भाषेत इओदासाफ, ग्रीकमध्ये इओआसाफ आणि लॅटिनमध्ये जोसाफात. कॅथलिक संतांच्या अधिकृत यादीत 27 नोव्हेंबर हा त्याचा दिवस ठरला. शेक्सपिअरच्या मर्चंट ऑफ व्हेनिसमधील तीन पेट्यांच्या प्रसंगाचे मूळही याच कथेच्या परंपरेत सापडते.

कुतोला जोसाफात आणि बुद्ध यांच्यातले साम्य दिसले होते. पण त्याने निष्कर्ष उलटा काढला: भारतीय लोक नकळत ख्रिस्ती संताची पूजा करतात! युरोपीय अभ्यासकांनी हे कोडे नीट सोडवले ते एकोणिसाव्या शतकात.

आणि 1571 मध्ये, म्हणजे गोव्यातील त्या खलाला जेमतेम दशक उलटल्यावर, व्हेनिसच्या प्रमुखाने पोर्तुगालचा राजा सेबास्तियाँव याला एक पवित्र भेट दिली. ती होती संत जोसाफातची अस्थी. ज्या राजाच्या अधिकाऱ्यांनी बुद्धांचा म्हणून दात कुटला, त्याच राजाने बुद्धांच्याच कथेतून जन्मलेल्या संताचे हाड सन्मानाने स्वीकारले. ते हाड पुढे बेल्जियमच्या अँटवर्प शहरात पोहोचले.

डॉक्टर फ्युरर यांचा उद्योग

फसवणूक परक्या धर्माच्या लोकांनीच केली असे नाही. पुरातत्त्व खात्याच्या खुर्चीत बसूनही झाली. आन्तोन फ्युरर हा जर्मन विद्वान लखनौच्या संग्रहालयाचा प्रमुख होता. 1896 मध्ये लुंबिनीचा अशोकस्तंभ उजेडात आला तेव्हा तो तिथे होता. तो स्तंभ अस्सल आहे. बुद्धांचा जन्म इथे झाला म्हणून सम्राट अशोकांनी गावाचा कर कमी केला, असे त्यावर कोरलेले आहे. पण त्याच फ्युररने निगाली सागरजवळ एका भव्य स्तूपाचे तपशीलवार वर्णन छापले, आणि तो स्तूप तिथे नव्हताच.

त्याने ऊ मा नावाच्या ब्रह्मी भिक्खूंना बुद्धांचे म्हणून अवशेष विकले. त्यातला दात घोड्याचा निघाला. भिक्खूंनी तक्रार केली, चौकशी लागली आणि 1898 मध्ये फ्युररला नोकरी सोडावी लागली. आम्हाला या प्रकरणात ऊ मा महत्त्वाचे वाटतात. सरकारी विद्वानाने दिलेली वस्तू म्हणून ते गप्प बसले नाहीत. अस्थिधातूंच्या दर्शनाचे फलक आज आपल्या वस्त्यांतही लागतात. धातू कोणत्या स्तूपातून आले, कोणाच्या ताब्यात होते, कागद कुठे आहेत, हे आयोजकांना विचारणारे किती?

फ्युररच्या बदनामीचा डाग दुसऱ्या एका खऱ्या शोधावरही पडला. जानेवारी 1898 मध्ये जमीनदार विल्यम पेप्पे याने आजच्या सिद्धार्थनगर जिल्ह्यातील पिपरहवाचा स्तूप खोदला. आत दगडी पेटी, तीत करंडक, अस्थी आणि शेकडो रत्ने होती. एका करंडकावर धम्मलिपीत शाक्य आणि बुद्ध ही नावे कोरलेली. ब्रिटिश सरकारने अस्थी सयामचे राजे चुलालोंगकोर्न यांना दिल्या, बहुतेक रत्ने कोलकात्याच्या संग्रहालयात गेली आणि काही पेप्पेकडे राहिली. फ्युरर त्याच परिसरात वावरत होता, म्हणून हा शोधही बनावट असल्याचा संशय अनेक वर्षे घेतला गेला.

1971 पासून के. एम. श्रीवास्तव यांनी तिथे पुन्हा उत्खनन केले. पेप्पे पोहोचला त्याच्याही खाली आणखी करंडक आणि अस्थी मिळाल्या. परिसरात कपिलवस्तूच्या भिक्खू संघाचे नाव असलेल्या मातीच्या मुद्राही सापडल्या.

पेप्पेच्या वंशजांकडची रत्ने मे 2025 मध्ये हाँगकाँगला सदबीजच्या लिलावात निघणार होती. भारत सरकारने नोटीस बजावली, जगभरच्या बौद्धांनी आवाज उठवला आणि लिलाव थांबला. जुलैअखेर रत्ने भारतात परतली. गोदरेज समूहाने ती विकत घेतली होती, म्हणजे अखेर पैसे मोजावेच लागले.

मुंबईकरांना मात्र यासाठी दूर जायची गरज नाही. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप उघडला. आत दगडी पेटी, तीत एकात एक ठेवलेले करंडक, सगळ्यात आत सोन्याचा, आणि त्यात मातीच्या भांड्याचे तुकडे. ते भिक्षापात्राचे असावेत, असे मानले जाते. काय, कुठे, कोणत्या थरात मिळाले, हे पंडितजींनी लिहून ठेवले. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत, आणि सोपाऱ्यातच मिळालेला अशोकांचा शिलालेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहता येतो.