कोरडा धबधबा आणि पायपीट करणारा भूवैज्ञानिक

१/४ अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, बँक्स लेक जलाशयाच्या दक्षिणेस, सुमारे ५.६ किलोमीटर रुंद व १२० मीटर उंच कडा आहे. हा 'ड्राय फॉल्स', हिमयुगातील धबधबा. आज तेथून नदी कोसळत नाही.

२/४ या ओसाड, खडकाळ प्रदेशात पायपीट करून जे हार्लन ब्रेट्झ यांनी १९२३ मध्ये मत मांडले: ही भूमी एका महापुराने कोरली आहे. १९२७ च्या सभेत नामवंतांनी ते झिडकारले. एवढे पाणी आले कुठून?

३/४ उत्तर पूर्वेस, माँटानात होते. हिमनदीने अडवलेले मिसूला सरोवर बांध फुटून झपाट्याने रिकामे झाल्याच्या खुणा जोसेफ पार्डी यांनी १९४० मध्ये मांडल्या. असे पूर अनेकदा आले, हे पुढे उलगडले.

४/४ १९७९ मध्ये ब्रेट्झ यांना पेनरोज पदक मिळाले. तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती आणि त्यांचे बहुतेक टीकाकार हयात नव्हते.