ग्वाल्हेर संस्थान : भूगोल व प्रशासकीय विभाग

मध्य भारतातील शिंद्यांचे संस्थान. क्षेत्रफळ २५,०४१ चौ. मैल, लोकसंख्या २९,३३,००१ (१९०१). राजधानी लष्कर. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैन सोडून ग्वाल्हेर किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. तो पुढे उठलाच नाही, त्याचेच शहर झाले. जिन्सी, कंपू, शिंदे की छावणी ही तेथील वस्त्यांची नावे त्या तळापासूनची आहेत.

सीमा : संस्थान सलग नव्हते. उत्तरेकडील ग्वाल्हेरचा भाग (१७,०२० चौ. मैल) बराचसा एकसंध होता. माळव्याचा भाग (८,०२१ चौ. मैल) मात्र इंदूर, देवास, धार, रतलाम, जावरा इ. संस्थानांच्या मुलखांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता. नैसर्गिक म्हणावी अशी सीमा उत्तरेस व वायव्येस चंबळ नदीचीच. तिच्यापलीकडे आग्रा व इटावा हे ब्रिटिश जिल्हे आणि धोलपूर, करौली, जयपूर ही संस्थाने होती. ही सीमा इंग्रजांशी झालेल्या १८०५ च्या तहाने ठरली. त्याआधी सुर्जी-अंजनगावच्या तहात (१८०३) दोआब इंग्रजांकडे गेला. १८०५ मध्ये ग्वाल्हेर व गोहद परत मिळाले आणि गोहदच्या राण्यास चंबळेपलीकडे धोलपूर देण्यात आले. अजमेर १८१८ मध्ये गेले, पंचमहाल १८६१ मध्ये. ग्वाल्हेरचा किल्ला १८५८ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. झाशीच्या मोबदल्यात तो १८८६ मध्ये परत आला.

भूरचना : उत्तरेस चंबळ, क्वारी व सिंध यांच्या काठी बेहड, म्हणजे खोल घळींचा मुलूख. दक्षिणेकडे जंगल व टेकड्या. माळव्यात सुमारे ५०० मी. उंचीचे काळ्या मातीचे पठार. तेथे अफू व कापूस पिके. सांक नदीवर तिघरा येथे धरण.

विभाग : विसाव्या शतकाच्या आरंभी संस्थानाचे दोन प्रांत होते. उत्तर ग्वाल्हेर प्रांतात गिर्द ग्वाल्हेर, भिंड, श्योपूर, तंवरघार, ईसागढ, भेलसा व नरवर हे सात जिल्हे, तर माळवा प्रांतात उज्जैन, मंदसौर, शाजापूर व अमझेरा हे चार. जिल्ह्यावर सुभा, परगण्यावर कमासदार व त्याखाली पटवारी अशी उतरंड असे. माळव्यावर वेगळा सरसुभा होता. पुढे जिल्ह्यांची नावे व मुख्य ठिकाणे बदलत गेल्याने निरनिराळ्या काळच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. माळव्यातील इंग्रजांची हमी असलेल्या ठाकुरांच्या जमिनी संस्थानात धराव्यात की नाही, यावरही एकवाक्यता नाही.

पुरातत्त्वीय स्थळे : जिल्हावार माहिती सर्वांत तपशिलाने मिळते ती याच विषयाची. १९१३ मध्ये संस्थानाने पुरातत्त्व खाते काढले व मो. ब. गर्दे यांच्याकडे सोपविले. भेलसा जिल्ह्यात उदयगिरीची लेणी व बेसनगर. बेसनगरचा हेलिओडोरसचा गरुडस्तंभ स्थानिक लोक ‘खांब बाबा’ म्हणून पूजीत. येथून काही मैलांवरचे सांची मात्र भोपाळ संस्थानात मोडत असल्याने या नोंदीबाहेर राहते. ईसागढ जिल्ह्यात चंदेरी. अमझेरा जिल्ह्यात बाघची लेणी. तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १९२१ मध्ये नंदलाल बोस व असितकुमार हलदार आले होते. अमझेरा हे पूर्वी शिंद्यांचे मांडलिक राज्य. १८५७ च्या उठावात तेथील राजा बख्तावरसिंह यास फाशी झाल्यावर ते ग्वाल्हेरकडे आले.

भाषा : बुंदेली, ब्रज, माळवी; मराठी मुख्यतः लष्कर व उज्जैन येथे.

दळणवळण : दोन फुटी रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे भिंड, शिवपुरी व श्योपूरपर्यंत जाई, यांत श्योपूरचा फाटा सर्वांत लांब, सुमारे २०० किमी.

विलीनीकरणानंतर : २८ मे १९४८ रोजी मध्यभारत संघाची स्थापना झाली व जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले. ग्वाल्हेर ही हिवाळी, तर इंदूर ही उन्हाळी राजधानी. संघाच्या सोळा जिल्ह्यांत गिर्द हे नाव टिकले, तंवरघारच्या जागी मुरैना आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारत मध्य प्रदेशात विलीन झाले. सध्याच्या ग्वाल्हेर विभागात ग्वाल्हेर, शिवपुरी, गुना, अशोकनगर व दतिया, तर चंबळ विभागात मुरैना, भिंड व श्योपूर हे जिल्हे येतात. दतिया कधीही शिंद्यांकडे नव्हते, ते स्वतंत्र बुंदेला संस्थान होते. म्हणून आजचा ग्वाल्हेर विभाग म्हणजेच जुना उत्तर प्रांत असे समजू नये.