एलएम-सेन्सर्स

एलएम-सेन्सर्स हा लिनक्स कार्यप्रणालीवरील मुक्त स्रोत आज्ञावलींचा संच आहे. संगणकाच्या अंतर्भागातील तापमान, विद्युतदाब आणि पंख्यांचा वेग यांवर लक्ष ठेवण्यासाठी तो वापरला जातो. हा संच स्वतः काहीही मोजत नाही. प्रोसेसर, मदरबोर्ड इत्यादींमध्ये बसवलेल्या संवेदकांच्या नोंदी वाचून तो त्या परिचित एककांत मांडतो. त्यामुळे पडद्यावर दिसणारा आकडा कोणत्या संवेदकाचा आहे, हे ठाऊक असल्याशिवाय तो प्रमाण मानता येत नाही.

इतिहास

१९९० च्या दशकात मदरबोर्डवर तापमान मोजणाऱ्या स्वतंत्र चिप बसवल्या जाऊ लागल्या. नॅशनल सेमीकंडक्टर या कंपनीच्या एलएम७५ व एलएम७८ या त्यांपैकी प्रसिद्ध होत. या चिपसाठी लिहिलेले चालक आरंभी कर्नेलपासून वेगळे मिळत व वापरकर्त्याला ते स्वतः जोडून घ्यावे लागत. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या आवृत्तीपासून असे चालक लिनक्स कर्नेलचाच भाग झाले. तेव्हापासून चिप शोधणे, नोंदी दाखवणे आणि पंखे नियंत्रित करणे एवढीच कामे प्रामुख्याने या संचाकडे राहिली.

कार्यपद्धती

कर्नेलमधील 'एचडब्ल्यूमॉन' ही उपप्रणाली प्रत्येक संवेदकाची नोंद एका छोट्या फाइलच्या रूपाने उपलब्ध करून देते. तापमान अंश सेल्सियसच्या हजाराव्या भागात नोंदवलेले असते. म्हणजे ४५००० ही नोंद ४५ अंश दर्शवते. इंटेलच्या प्रोसेसरसाठी 'कोअरटेम्प', तर एएमडीच्या प्रोसेसरसाठी 'के१०टेम्प' हा चालक वापरतात. इंटेलचा अंकीय संवेदक कमाल मर्यादेपासून तापमान किती खाली आहे, एवढेच सांगतो. कोअरटेम्प त्या मर्यादेतून हा फरक वजा करून तापमान काढतो.

मांडणी

डेबियन व उबुंटूमध्ये हा संच याच नावाने अधिकृत भांडारातून मिळतो. स्थापनेनंतर प्रशासकीय अधिकारांनी 'सेन्सर्स-डिटेक्ट' ही आज्ञा चालवावी लागते. ती प्रत्येक टप्प्यावर संमती विचारते. खात्री नसल्यास सुचवलेले उत्तरच स्वीकारणे इष्ट असते. शेवटी आवश्यक चालकांची नावे सांगून ती संरचना फाइलमध्ये नोंदवण्याची परवानगी मागितली जाते. चालक कार्यान्वित झाल्यावर 'सेन्सर्स' ही आज्ञा दिली असता सर्व नोंदी दिसतात. याच आज्ञेपूर्वी 'वॉच' हा शब्द जोडल्यास नोंदी दर दोन सेकंदांनी नव्याने दिसतात.

नोंदींचा अर्थ

तापमानाशेजारी बहुधा 'हाय' आणि 'क्रिट' अशा दोन मर्यादा दिलेल्या असतात. तापमान धोक्याच्या मर्यादेला पोहोचल्यास प्रोसेसर आपला वेग आपोआप कमी करतो. म्हणून संगणक मंदावण्याचे कारण कधी कधी साचलेली धूळ किंवा वाळलेला उष्णतावाहक लेप हेही असू शकते. एखाद्या सुट्या आकड्यापेक्षा तुलना अधिक उपयुक्त ठरते. संगणक नवा असताना, विश्रांत स्थितीत व कामाच्या भाराखाली घेतलेल्या नोंदी जपून ठेवल्यास पुढे झालेला बदल ओळखता येतो.

मर्यादा व दक्षता

चिपला संवेदक जोडलेलाच नसेल, तर १२७ किंवा उणे १२८ अंश असे अर्थहीन आकडे दिसू शकतात. एएमडीच्या काही प्रोसेसरमधील 'टीसीटीएल' ही नोंद पंख्याच्या नियंत्रणासाठी असून ती प्रत्यक्ष तापमानापेक्षा अधिक असते. आयबीएमच्या काही जुन्या थिंकपॅड लॅपटॉपवर संवेदकांच्या शोधामुळे स्थायी स्मृतीतील मजकूर बिघडल्याचे आढळले होते. शोधाच्या वेळी संमती विचारण्यामागील सावधगिरी अशा धोक्यांसाठीच आहे. पंख्यांची मांडणी करणारी 'पीडब्ल्यूएमकॉन्फिग' ही आज्ञा चाचणीसाठी पंखे काही क्षण थांबवते. म्हणून संगणकावर कामाचा भार असताना ती चालवू नये.