बाळगोळी आणि सहावा महिना

मुंबईतील गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांचा अहवाल १९२२ साली ‘लेबर गॅझेट’मध्ये छापून आला. त्यातला एक आकडा पुढे अनेकांनी वापरला: कारखान्यांत राबणाऱ्या या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जात होती. हा आकडा देणारे बहुतेक जण पुढच्याच वाक्यात आयांच्या अज्ञानावर येतात. मला तो निष्कर्ष पटत नाही.

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. बाळगुटी वेगळी आणि बाळगोळी वेगळी. गुटी म्हणजे वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ सहाणेवर मोजके वेढे देऊन उगाळायचे. त्याला घरात एक जाणती बाई लागते आणि सकाळचा निवांत वेळ लागतो. बाळगोळी बाजारात तयार मिळे, इवलीशी, अफू घातलेली. ती देणे क्षणाचे काम. गावाकडची सासू-आई मागे राहिली, भोंगा कानाशी आला, आणि सहाणेची जागा गोळीने घेतली.

आता त्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा महिन्यांच्या बाळाची कल्पना करा. दोन महिन्यांचे मूल ठेवाल तिथे राहते. सहाव्या महिन्यात ते पालथे पडते, सरकते, हाताला लागेल ते तोंडात घालते. खोलीत चूल किंवा शेगडी, बाहेर गॅलरी आणि जिना. आई दहा तास साच्यावर. सांभाळायला फार तर सात-आठ वर्षांची बहीण किंवा शेजारची म्हातारी. अशा वेळी गोळी हे त्या आईच्या लेखी मुलाला जपण्याचेच साधन होते. झोळीत निजलेले मूल निदान भाजणार नव्हते, पडणार नव्हते.

पण नेमका हाच महिना उष्टावणाचा. आईचे दूध एकटे पुरेनासे होते, म्हणून आपल्याकडे मुलाच्या ओठाला खीर लावण्याचा संस्कार या सुमारास ठेवलेला आहे. आणि अफू भूक मारते. गुंगीतले मूल रडत नाही, दूध मागत नाही, त्याचा कोठा बांधतो. मात्रा जरा वाढली तर श्वास मंदावतो. ज्या वयात मुलाने जास्त मागायला हवे, त्याच वयात त्याचे मागणे बंद होई. उपासमार होत असे, पण ती शांत असल्यामुळे दिसत नसे.

१९२१ साली मुंबईत हजार जन्मांमागे सुमारे ६६६ अर्भकांचे मृत्यू नोंदले गेले. हा आकडा जपून वाचावा लागतो. पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर जात आणि मूल घेऊन परतत. जन्म गावी, मृत्यू शहराच्या वहीत. ही सूट धरूनही तो भयंकरच. सगळे मृत्यू अफूचे अर्थातच नव्हेत. दाटी, जुलाब, छातीचे विकार होतेच.

आणि हे ‘पौर्वात्य’ वेड म्हणावे, तर लँकेशायरच्या गिरण्यांभोवती ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ हे अफूचे औषध तान्ह्या मुलांना सर्रास पाजले जाई. एंगेल्सने १८४५च्या पुस्तकात त्याची नोंद केली आहे. साचे जिथून आले तिथे ही युक्ती आधीच होती. तरीही १८९३च्या अफू आयोगापुढे हिंदुस्थानातल्या मुलांना अफू देण्याची चाल निरुपद्रवी ठरवणारे साक्षीदार कमी नव्हते. अफूच्या महसुलाचा हिशोब त्यामागे नव्हता, असे म्हणायला मी धजत नाही.

गोळीवर उपाय उपदेशाचा नव्हता, खोलीचा होता. व्हिटली आयोगाने १९३१मध्ये कारखान्यांत पाळणाघरे मागितली. १९३४च्या फॅक्टरी कायद्याने सहा वर्षांखालील मुलांसाठी अशी खोली सक्तीची करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला, तोही पन्नासाहून जास्त बायका असतील त्याच कारखान्यापुरता. पुढच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील बायकांचा वाटा घटतच गेला. पन्नास किंवा त्याहून कमी बायकांच्या कारखान्यातल्या आईला कायद्याने ती खोली देऊ केलीच नव्हती.