मॉलीचा मुलूख

इसवी सन 1821 मध्ये, म्हणजे ज्या वर्षी सेंट हेलेना बेटावर नेपोलियनचा अंत झाला त्याच वर्षी, शार्ल अलेक्झांद्र लेस्युअर या फ्रेंच निसर्गाभ्यासकाने अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या आसपासच्या डबक्यांत सापडलेल्या एका बोटभर माशाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्याच्या प्रजातीला काउंट मोलियँ याचे नाव बहाल केले. लेस्युअर हा 1800 साली बोदँच्या ऑस्ट्रेलिया-मोहिमेवर तोफखान्यातील मदतनीस म्हणून जहाजावर चढला आणि परतला तो प्राणिचित्रकार म्हणून. माशाच्या पाठीवरचा शिडासारखा उभारलेला पर त्याच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. मोलियँ मात्र निखळ कागदाचा माणूस. 1806 ते 1814 या काळात तो नेपोलियनच्या खजिन्याचा मंत्री होता आणि फ्रान्सच्या सरकारी दफ्तरात दुहेरी नोंदीची जमाखर्चपद्धत त्याने रूढ केली. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर तो त्या साम्राज्याचा फडणीसच. पुढे 1963 मध्ये रोझेन आणि बेली या अभ्यासकांनी ती प्रजाती ‘पोएसिलिया’ या जुन्या प्रजातीत विलीन केली आणि शास्त्राच्या दफ्तरातून फडणिसाचे नाव खारीज झाले. बाजाराने तो हुकूम कधीच मानला नाही आणि ‘मॉली’ हे लाडके नाव चालू ठेवले.

परंतु मासा डबक्यातून दिवाणखान्यात यायचा, तर आधी दिवाणखान्यात पाणी जिवंत राहिले पाहिजे, आणि ही विद्या जगाला बरीच उशिरा साधली. इंग्लंडात 1845 साली काचेवरचा कर रद्द झाला, काच स्वस्त झाली, आणि त्यानंतर चार-पाच वर्षांतच रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने आपला प्रसिद्ध प्रयोग मांडला. काचेच्या टाकीत त्याने दोन लहान सोनमासे सोडले आणि तळच्या मातीत लांब पट्टेदार पानांची वॅलिस्नेरिया लावली. मासे जो प्राणवायू खर्च करतात तो वनस्पती उजेडात परत करते, हे तत्त्व तोपर्यंत विद्वानांच्या परिचयाचे झालेले होते. काही काळ सारे सुरळीत चालले. मग जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा वॉरिंग्टनने टाकीत पाणगोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ फस्त केले, त्यांची अंडी माशांना खाद्य झाली आणि पाणी पुन्हा निवळले. 1850 मध्ये त्याने हा वृत्तांत रसायनशास्त्रज्ञांच्या सभेपुढे ठेवला. घरगुती मत्स्यपालनाचा खरा आरंभ मी येथूनच धरतो. मासा पाळणे म्हणजे वस्तुतः पाणी पाळणे होय, हे त्या गोगलगायींनी दाखवून दिले. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याचा ‘दी अक्वेरियम’ हा ग्रंथ निघाला, आणि मध्यमवर्गात या छंदाची अशी साथ पसरली की किनाऱ्यावरची खडकांतील पाणथळे हौशी लोकांनी अक्षरशः लुटून नेली. त्याचे दुःख पुढे खुद्द गॉसच्या मुलाने 1907 साली आपल्या आत्मवृत्तात नोंदविले आहे.

उष्ण मुलखातले मासे युरोपात आले तेव्हा टाकीखाली दिवा जाळून पाणी कोमट ठेवण्याची यातायात सुरू झाली. मॉलीचे भाग्य उजळले ते तिच्या प्रसूतीमुळे. ही मासोळी अंडी घालीत नाही, जिवंत पिले देते. सुमारे चार आठवड्यांत मादीचे पोट फुगून खालच्या अंगाने चौकोनी दिसू लागते. मग एखाद्या सकाळी एकेक पिलू घडी घातलेल्या अवस्थेत बाहेर पडते, क्षणभर तळाकडे बुडते, घडी उलगडते आणि थेट पाणवनस्पतीच्या गर्दीत शिरते. घाई करण्याचे कारणही तसेच आहे, कारण जन्मदात्री मागे वळून त्याला गिळायला कमी करीत नाही. शिवाय नराचे वीर्य मादी शरीरात साठवून ठेवते, त्यामुळे नर मेला किंवा दुसऱ्या टाकीत गेला, तरी आणखी कित्येक वेळा ती विते. शाळकरी पोराला घरच्या घरी उत्पादक करून सोडणारा याहून सोयीचा मासा नव्हता. याच कुळात 1932 साली कार्ल आणि लॉरा हब्स या दांपत्याला एक चमत्कार आढळला: ‘अमेझॉन मॉली’ नावाच्या जातीत सगळ्या माद्याच, परजातीच्या नराचे वीर्य केवळ चालना देण्यापुरते लागते, त्याचा वारसा मात्र पिलांत उतरत नाही. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत असा प्रकार प्रथमच उघडकीस आला.

दोन महायुद्धांच्या दरम्यान अमेरिकेतील हौशी पालकांनी काळे ठिपके असलेली पिले पिढ्यान्‌पिढ्या निवडून जी संपूर्ण काळी जात सिद्ध केली, तीच आज सर्वपरिचित आहे. फ्लॉरिडातील मत्स्यशेतकरी मोठ्या उघड्या तळ्यांत मॉली वाढवू लागले, आणि त्यात एक मर्म होते: अपुऱ्या टाकीत वाढलेल्या नराच्या पाठीवर लेस्युअरने पाहिलेले ते भव्य शीड बहुधा उभेच राहत नाही.

आपल्या देशात मॉलीच्या भाऊबंदांचा प्रवेश सरकारी चाकरीतून झाला. डासांच्या अळ्या खाण्यासाठी गॅम्बुसिया मासा 1928 मध्ये येथे आणला गेला, आणि नगरपालिकेचे कर्मचारी विहिरीत आणि हौदात जे गप्पी मासे सोडतात तेही याच गोतातले. मॉलीला अशी नेमणूक कधी मिळाली नाही. ती आली ती हौसेच्या वाटेने. 1951 साली मरीन ड्राइव्हवर राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले, आणि रविवारी तेथून परतणाऱ्या मुलांनी घरी टाकीचा हट्ट धरावा हे क्रमप्राप्तच होते. त्या काळची टाकी म्हणजे लोखंडी अँगलची चौकट आणि तिच्यात लांबी भरून बसविलेल्या काचा. लांबी वाळून तडकली की पाणी झिरपायचे आणि खालच्या टेबलाचे लाकूड फुगायचे. सिलिकोनने काचेला काच चिकटू लागली आणि प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून मासा दूरदेशी जाऊ लागला, तेव्हा कोलकात्याचे आणि चेन्नईजवळच्या कोळत्तूरचे पालक मुंबईच्या बाजाराचे पुरवठादार झाले. लंडनकराला दिव्याने जी ऊब विकत घ्यावी लागे, ती मुंबईकराला वर्षातले बहुतेक महिने फुकट मिळते, ही त्यातली जमेची बाजू.

खर्चाची बाजू पाण्यात आहे. 1860 मध्ये विहार आणि 1892 मध्ये तानसा तलावाचे पाणी मुंबईच्या नळांना आले, तेव्हापासून हे शहर मुख्यत्वे पावसाचे साठवलेले, मृदू, क्षार कमी असलेले पाणी पिते. माणसाला ते मानवते, मॉलीला नाही. लेस्युअरने वर्णिलेली जात अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या खाजणांत राहते आणि समुद्राचे पाणीही सोसते. युकातानची मोठ्या शिडाची जात चुनखडीच्या प्रदेशातली. आणि दुकानातली मॉली ही यांच्या आणि मेक्सिकोतल्या झऱ्यांमधील आखूड पराच्या जातीच्या संकरातून झालेली. मृदू आणि थंडावलेल्या पाण्यात ती पुढे न सरता जागच्या जागी अंग हलवीत राहते, पर मिटून घेते आणि काही दिवसांत दगावते. लोक दुकानदाराला दोष देतात आणि नवी जोडी आणतात. क्रॉफर्ड मार्केटातला किंवा कुर्ल्याचा जुना विक्रेता म्हणूनच पिशवीला रबर बांधता बांधता सांगतो, ‘‘पाण्यात थोडं जाडं मीठ टाका, आयोडीनचं नको.’’ युकातान कोठे आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते; पिढीजात धंद्याने जे शिकविले ते तो सांगतो, आणि माझ्या मते या माशाच्या मूळ मुलखाविषयी त्याची ही एक मूठ पुष्कळ पुस्तकांपेक्षा अधिक नेमके सांगते. अडचण एवढीच की तेच गिऱ्हाईक त्याच टाकीसाठी दक्षिण अमेरिकेच्या मृदू पाण्यातले निऑन टेट्रा मागते, ज्यांना मीठ सोसत नाही, आणि दुकानदार तेही तितक्याच तत्परतेने दुसऱ्या पिशवीत भरून देतो.