चिकपेटेतील बोलक्या पेट्या

बंगळूरची चिकपेट ही नावाप्रमाणेच लहान पेठ. कन्नडमध्ये चिक्क म्हणजे लहान आणि दोड्ड म्हणजे मोठा. केंपेगौडाने १५३७ साली मातीच्या तटाच्या आत आपले नगर वसविले, तेव्हा ज्या दोन रस्त्यांच्या चौकाभोवती ते वाढले, त्यांपैकी दोड्डपेटेचा रस्ता आज ॲव्हेन्यू रोड या नावाने ओळखला जातो. चिकपेटेने मात्र आपले जुने नाव राखले आहे. जून २०१७पासून तिच्या पोटातून मेट्रोची गाडी धावते, त्या स्थानकासही हेच नाव मिळाले. भोवतालच्या पेठांची नावे धंद्यांवरून पडली. अक्कीपेट तांदळाची, अरळेपेट कापसाची, बळेपेट बांगड्यांची, कुंबारपेट कुंभारांची. पुण्याच्या कित्येक पेठा वारांची नावे लावून बसल्या आहेत. येथे नाव उच्चारताच गिऱ्हाइकास माल कळत असे.

मराठी माणसास हा भाग सर्वस्वी परका नाही. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर घेतले, ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि १६८७पर्यंत भोसल्यांकडे राहिले. राज्य गेले, तरी या शहरात मराठी बोलणारी घरे राहिली. त्यांत पुढे पुष्कळांची भर पडली. नामदेव शिंपी, भावसार क्षत्रिय अशा समाजांच्या घरांतून बोलली जाणारी मराठी कन्नडच्या सहवासाने निराळ्या वळणाची झाली आहे. पण ती मराठीच आहे.

अशा या वस्तीत विसाव्या शतकात एक नवा धंदा शिरला. त्याच्या नावाची पेठ काही झाली नाही. चिकपेटेजवळच्या एस. पी. रोडवर, म्हणजे सदर पत्रप्पा रस्त्यावर, विजेच्या यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांची दाटी झाली, आणि चिकपेटेच्या आसपास रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मोडके ग्रामोफोन, रेडिओ, टेपरेकॉर्डर पदपथावर येऊन बसू लागले. मोडके यंत्र एका रस्त्यावर आणि त्याचा उपाय शेजारच्या रस्त्यावर, अशी ही सोय आहे. आजही एखादा हौशी गृहस्थ लाकडी पेटीचा रेडिओ काखोटीस मारून तेथून निघतो, तेव्हा त्याला एकच प्रश्न पडलेला असतो: हा बोलेल काय?

या प्रश्नामागे एक इतिहास आहे. म्हैसूर संस्थानात नभोवाणी आली ती सरकारी आज्ञेने नव्हे, तर एका प्राध्यापकाच्या हौसेने. महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकविणारे प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली म्हैसुरास आपल्या घरी लहानसे प्रक्षेपण केंद्र उभारले आणि त्यास 'आकाशवाणी' हे नाव दिले. हेच नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने घेतले. बंगळूरचे केंद्र १९५५ साली सुरू झाले. त्या काळी रेडिओ बाळगण्यास परवाना लागे आणि त्याचे शुल्क दरसाल पोस्टात भरावे लागे. घरात आलेला संच म्हणजे भिंतीवरच्या फळीवर विणलेले झाकण घालून ठेवावयाची वस्तू. ती बिघडली तर नवी आणणे बहुतेकांच्या ऐपतीबाहेरचे होते. म्हणून दुरुस्त करणारा माणूस, डॉक्टराप्रमाणे, घराच्या ओळखीचा असावा लागे.

बंगळूरच्या मराठी घरांना या पेटीचे आणखी एक अगत्य होते. मुंबई तेथून सरळ रेषेत सुमारे साडेआठशे किलोमीटर दूर. दिवसा मध्यम लहरींवर मुंबई लागणे कठीण, कारण वातावरणाच्या वरच्या भागातील एक थर सूर्यप्रकाशात त्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो, लहरी त्याहून उंच थरांवर आदळून परत फिरतात आणि शेकडो मैलांवर उतरतात. म्हणजे मराठी शब्द बंगळुरात पोहोचावयाचा तो रात्री, आणि तोही संच नीट असेल तर! जवळचे केंद्र कसल्याही रेडिओवर लागते. दूरचे क्षीण केंद्र मात्र ज्याचे सर्व अवयव शाबूत आहेत, ज्याच्या कॉइल बरोबर जुळविलेल्या आहेत, त्याच संचावर ऐकू येते. दुरुस्ती खरी झाली की वरवरची, याची याहून कडक परीक्षा नाही.

आता त्या पेटीच्या आत डोकावून पाहू. १९५०च्या दशकातील व्हॉल्व्हच्या रेडिओत बहुधा पाच काचनळ्या असतात. एक दूरच्या लहरीस ठरीव कंपनसंख्येवर आणते, दुसरी तिचे बळ वाढविते, तिसरी तीतून आवाज वेगळा काढते, चौथी तो आवाज कर्ण्यापर्यंत नेण्याइतका मोठा करते आणि पाचवी घरातील उलटसुलट विजेस एका दिशेने वाहावयास लावते. खटका दाबल्यावर वीसतीस सेकंद काहीच होत नाही. नळ्यांतील तारा तापाव्या लागतात. मग एक हलकी गुणगुण, आणि मागोमाग आवाज. हा विलंब हा दोष नव्हे. आजच्या उतावळ्या पिढीस तो दोष वाटतो, एवढेच.

पंचवीसतीस वर्षे माळ्यावर पडलेला संच घरी आणून तडक विजेस जोडणे ही सर्वांत घातक चूक होय. त्यातील मोठे कंडेन्सर ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचे असतात आणि त्या पत्र्यांवरील अतिसूक्ष्म थर हेच त्यांचे बळ असते. वापर नसला की तो थर झिजतो. एकाएकी अडीचशे व्होल्टांचा दाब आला की कंडेन्सर फुटतो आणि जाताना ट्रान्सफॉर्मरसही घेऊन जातो. जाणते कारागीर म्हणून संचाच्या वाटेत एक शंभर वॅटचा साधा दिवा घालतात. दिवा लख्ख पेटून तसाच राहिला तर आत कोठेतरी वाट थेट जुळली आहे असे समजावे आणि खटका तत्काळ बंद करावा. क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जाण्यास हरकत नाही. चार रुपयांच्या या युक्तीने जितके जुने संच वाचले आहेत, तितके महागड्या उपकरणांनी खचितच वाचविले नसतील.

त्यानंतरची पाहणी कानाने चालते. सतत खोल घरघर असेल तर ते मोठे कंडेन्सर सुकले. आवाज सुरुवातीस स्वच्छ आणि दहा मिनिटांनी घोगरा होत असेल, तर संशय एका लहानशा, मेणात बुडविलेल्या कागदी कंडेन्सरवर घ्यावा. त्याचे काम आवाज पुढे जाऊ देणे आणि विजेचा दाब अडविणे. कागदात दमट हवा शिरली की तो दाबही झिरपू देतो. शेवटची नळी प्रमाणाबाहेर वीज ओढते, तापून लाल होते आणि अखेर जळते. गिऱ्हाईक म्हणते, नळी गेली. नळी बदलणारा नवशिका कारागीरही तेच म्हणतो, आणि नवी नळी महिन्याभरात तशीच जाते. रोग नळीत नसून तिच्या शेजाऱ्यात होता, हे ज्यास कळते तो खरा कारागीर.

संच अगदीच मुका असेल तर शोध शेवटाकडून आरंभाकडे करावयाचा असतो. आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाच्या मधल्या टोकास पेचकस टेकविला आणि कर्ण्यातून गुरगुर आली, तर तेथून पुढची सारी वाट मोकळी आहे, दोष मागे आहे, असे ठरते. एका स्पर्शात अर्धा संच निर्दोष ठरतो. मात्र हे धाडस करताना एक हात खिशात ठेवण्याची जुन्या लोकांची शिकवण विसरता कामा नये. ज्या संचांत ट्रान्सफॉर्मर नसे आणि जे दोन्ही प्रकारच्या विजेवर चालत, त्यांचा पत्र्याचा सांगाडाच कधीकधी जिवंत तारेस जोडलेला असतो. शिवाय खटका बंद केल्यावरही मोठे कंडेन्सर आपल्यातील वीज काही काळ धरून ठेवतात.

हवेचाही यात वाटा आहे. कोकणपट्टीत वा मुंबईत आयुष्य काढलेल्या संचाच्या केसासारख्या बारीक तारांवर हिरवे डाग पडतात आणि तेथे त्या तुटतात. बंगळूरच्या कोरड्या हवेत वाढलेला संच त्या मानाने सुदैवी.

सुट्या भागांच्या इतिहासात बंगळूरचे एक आगळे स्थान आहे आणि त्यात नियतीचा थोडा विनोदही आहे. शहराच्या उत्तरेस जालहळ्ळी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओच्या नळ्या बनविण्यास प्रारंभ केला. परदेशी नळ्यांवरचे अवलंबन आता संपणार होते. परंतु दुसऱ्याच वर्षी, १९६२ साली, त्याच कारखान्यात जर्मेनियमचे अर्धवाहक भाग तयार होऊ लागले. ज्या हातांनी नळीस देशी जन्म दिला, त्यांनीच तिच्या मारेकऱ्यास जन्म दिला म्हणावयाचे! ट्रान्झिस्टर आला, रेडिओ फळीवरून उतरून खांद्यास लटकला, शेतात गेला. नळ्या मागे पडल्या. तरीही त्या वेळी घडलेल्या नळ्या खोक्यांतून शिल्लक राहिल्या, आणि आज बंगळूरचे शिक्के असलेल्या ईएल ८४ व ईसीसी ८३ परदेशांतील संगीतशौकीनही विकत घेतात.

ट्रान्झिस्टरही अमर नव्हता. एएफ ११७ जातीचे जुने ट्रान्झिस्टर कोणी हात न लावताही मरतात. त्यांच्या धातूच्या टोपीत आतून कथिलाचे केसाहून बारीक तंतू उगवतात आणि आतल्या भागास टोपीशी जोडून टाकतात. टोपीशी जोडलेली चौथी तार कापली की पुष्कळदा संच पुन्हा बोलू लागतो. काही न घालता केवळ कापून केलेली ही दुरुस्ती पाहणाऱ्यास जादूच वाटावी.

ग्रामोफोनचे शास्त्र त्यामानाने सरळ. चावीचा ग्रामोफोन म्हणजे घड्याळाचा थोरला भाऊ. त्याची पोलादी कमान जुन्या वंगणाने चिकटून धक्के देत सुटते. ती काढून धुवून नवे वंगण द्यावे. मात्र कमान डबीतून बाहेर येताना बोटे फाडते, म्हणून ते काम अननुभवी माणसाने करू नये. आवाजाच्या डबीतील अभ्रकाच्या चकतीभोवतीचे रबर दगडासारखे होते, ते बदलले की बसलेला गळा सुटतो. लाखेच्या तबकडीस पोलादी सुई प्रत्येक बाजूस नवी लावावी, कारण झिजावयाचे ते सुईने, तबकडीने नव्हे. हा नियम आपल्या घरांतून कंजूषपणाने मोडला गेला आणि कितीएक उत्तम ध्वनिमुद्रिका त्यापायी करड्या पडल्या. गती तपासण्यास सत्त्याहत्तर रेघांची एक कागदी चकती फिरत्या तबकडीवर ठेवतात. पन्नास आवर्तनांच्या विजेवरील निऑनच्या दिव्याखाली रेघा स्थिर दिसल्या, तर गती मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे. नव्या एलईडी दिव्यांपैकी पुष्कळांखाली ही रेघांची परीक्षा होत नाही, म्हणून जुना निऑनचा दिवा एक जपून ठेवावा लागतो.

दूरदर्शन संचाविषयी थोडक्यात सांगणेच इष्ट. मुंबईस दूरदर्शन १९७२ साली आले, बंगळुरास १९८१ साली. कृष्णधवल चित्रनळ्या जालहळ्ळीस १९७०पासून तयार होत होत्या. चित्रनळीवर हजारो व्होल्टांचा दाब असतो आणि तो संच बंद केल्यानंतरही टिकतो. ज्याने हे काम शिकले नाही त्याने मागचे झाकण उघडूच नये. दुरुस्त झालेल्या संचापुढे दुसरी अडचण उभी राहते. जुन्या पद्धतीचे भूप्रक्षेपण मार्च २०२२पर्यंत देशात जवळजवळ सर्वत्र बंद झाले. छतावरचा ॲल्युमिनियमचा सांगाडा आता कावळ्यांच्या कामाचा. मध्ये रूपांतर करणारी डबी घातल्यावाचून ते डोळे काही पाहू शकत नाहीत.

रेडिओवरही तोच प्रसंग हळूहळू येत आहे. लघुलहरींची बरीच प्रक्षेपणे थांबली, मध्यम लहरींचीही अनेक केंद्रे बंद पडली, आणि आपल्याकडील बहुतेक जुन्या संचांत एफ.एम.चा पट्टाच नाही. म्हणून हौशी मंडळींत एक वाद आहे. काहीजण पेटीतील सारे भाग काढून टाकतात, मोबाइलशी जुळणारे एक नवे यंत्र आत बसवितात आणि जुन्या लाकडातून नवी गाणी ऐकतात. पेटी वाचली, असे ते म्हणतात. पेटी वाचली हे खरे. पण कचऱ्यात गेलेल्या त्या पाच नळ्या आणि त्यांची जुळणी म्हणजेच रेडिओ होता. बाह्य रूप जपून आतला जीव काढून घेण्यास दुरुस्ती म्हणता येत नाही. याच्या उलट दुसरे काहीजण इतके सोवळे की निकामी कंडेन्सरही बदलू देत नाहीत आणि संच कायमचा मुका ठेवतात. यांतून अनुभवी कारागिरांनी काढलेला मार्ग अधिक शहाणपणाचा दिसतो: जुन्या कंडेन्सरचे कागदी कवच पोकळ करून त्यात नवा, लहान कंडेन्सर बसवावयाचा, म्हणजे आत पाहणाऱ्यास १९५५ सालच दिसते आणि संच निर्धास्त चालतो.

असा एखादा संच पुरा झाला, तबकडीवरचा काटा ओढणारी दोरी नवी झाली, कॉइल जुळल्या, की तो बाकावर रात्रीपर्यंत चालू ठेवतात. पूर्वी या वेळी काटा मुंबईकडे वळविला जाई. आता पुष्कळ ठिकाणी बाकाच्या कोपऱ्यात बोटभर लांबीचे एक हौशी प्रक्षेपक यंत्र ठेवलेले असते. त्यास मोबाइल जोडतात आणि एखादे जुने भाषण किंवा नाट्यगीत मध्यम लहरींवर सोडतात. ते शेजारच्या खोलीपलीकडे जात नाही. वीसतीस सेकंद जातात, नळ्या तांबूस होतात, हलकी गुणगुण येते, आणि पेटी मराठीत बोलू लागते.