मोटारसायकलचोरी व तिचा प्रतिबंध (देवरी परिसर)

गोंदिया जिल्ह्यातील देवरी तालुका आणि त्याला लागून असलेला छत्तीसगडचा सीमाभाग यांच्या संदर्भात, दुचाकी चोरीला जाऊ नये, गेल्यास सापडावी आणि न सापडल्यास भरपाई मिळावी यासाठीच्या उपायांची ही नोंद आहे. कुलूप हा विषयाचा सर्वांत परिचित भाग. सर्वांत महत्त्वाचा मात्र नाही. चोराला गाडी स्वतः चालवण्यासाठी क्वचितच हवी असते. त्याला ती विकायची असते, आणि सीमेवरच्या तालुक्यात ती किती सहज विकली जाते यावरच बरेचसे अवलंबून असते.

स्थान : देवरी हे मुंबई–कोलकाता महामार्गावरचे (जुना राष्ट्रीय महामार्ग ६, नव्या क्रमांकाने ५३) तालुक्याचे गाव. पश्चिमेला साकोली, भंडारा, नागपूर. पूर्वेला शिरपूरबांध मागे टाकले की छत्तीसगडातील राजनांदगावचा रस्ता. उत्तरेला आमगावचे रेल्वे स्थानक, दक्षिणेला चिचगड, ककोडी आणि पुढे गडचिरोली जिल्ह्यातील कोरची. ही राज्यसीमा तशी अलीकडची आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि राजनांदगावचा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. तो १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगडात गेला. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. कागदावर राज्ये बदलली तरी सोयरिकी, बाजार आणि यात्रा बदलल्या नाहीत. नवरात्रात डोंगरगडच्या बमलेश्वरीला इकडची माणसे जातात, सालेकसा तालुक्यातील कचारगडला माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंड समाजाची मोठी यात्रा भरते तेव्हा तिकडची येतात. त्यामुळे देवरीच्या बाजारात एमएच ३५ च्या शेजारी भंडाऱ्याची एमएच ३६, गडचिरोलीची एमएच ३३ किंवा राजनांदगावची सीजी ०८ उभी दिसली तर कोणी वळूनही पाहत नाही. परराज्यातली पाटी संशयाचे कारण ठरत नाही, ही चोराची पहिली सोय. दुसरी सोय रस्त्यांची. महामार्गावरचा सीमा तपासणी नाका मालवाहू वाहनांसाठी उभारलेला; दुचाकीला तर जंगलातून जाणारे गावरस्तेही पुरतात.

चोरी कोठे होते : आठवडी बाजार, बँकेचे आवार, तहसील कार्यालय, ग्रामीण रुग्णालय, धान खरेदी केंद्र, लग्नाचा मांडव, दिवाळीनंतरच्या मंडईतली (गावजत्रेतली) दंडार हे लोकनाट्य. या सर्व ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे : मालक काही वेळ येणार नाही, हे पाहणाऱ्याला आधीच कळते, आणि गर्दीत कोण कोणाची गाडी काढतो आहे याकडे लक्ष देणारा कोणी नसतो. रात्री घरासमोरून जाणाऱ्या गाड्यांची तऱ्हा वेगळी. तिथे चोराला अंधार आणि वेळ दोन्ही मिळतात. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून चावी गाडीलाच ठेवणे हा प्रकार दोन्हींहून सोपा, आणि पुढे विम्याच्या वेळी सर्वांत महागात पडणारा.

पसंती कोणत्या गाडीला, हेही ठरलेले असते. हिरो होंडाची स्प्लेंडर १९९४ मध्ये बाजारात आली आणि ग्रामीण भागाची गाडी झाली. ती व तिच्या जातीच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या चोरांच्या आवडत्या असण्याचे कारण वेग नाही. त्या सगळीकडे आहेत, एकसारख्या दिसतात, कोणत्याही गॅरेजात दुरुस्त होतात आणि त्यांचा प्रत्येक सुटा भाग विकला जातो. महागडी, लक्षात राहणारी गाडी खेड्यात लपवणे कठीण.

कुलपे : गाडीबरोबर येते ते हॅण्डल लॉक. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत ‘हॅण्डल लॉक तोडून’ हे शब्द इतक्यांदा येतात की त्याच्या ताकदीबद्दल वेगळे सांगायला नको. ते लावावेच, पण ते एकटे पुरत नाही. जुन्या गाड्यांची कुलपे झिजून इतकी सैल होतात की भलतीच चावीही चालते; अशा वेळी चावीचा संपूर्ण संच बदलणे हा किरकोळ खर्च आहे आणि तोच लोक टाळतात.

दुसरे कुलूप वेगळ्या जातीचे असावे. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असेल तर त्याच्या भोकात बसणारे डिस्क लॉक, नसेल तर मागच्या चाकातून ओवून खांबाला किंवा झाडाला घातलेली जाड साखळी. नुसती चाकात अडकवलेली साखळी गाडी चालवू देत नाही, पण दोघांनी उचलून पिकअपमध्ये टाकण्यापासून वाचवत नाही. साखळी जमिनीला टेकू देऊ नये. टेकलेली कडी हातोडीने लवकर तुटते. डिस्क लॉक लावल्याचे विसरून गाडी पुढे काढणाऱ्यांची संख्याही कमी नसावी. त्यासाठी कुलपापासून हॅण्डलपर्यंत जाणारी रंगीत दोरी मिळते. गावात गाडी छपरीत किंवा वाड्यात आत घेणे, हा या सगळ्यांहून स्वस्त आणि चांगला उपाय.

जुन्या चालकांच्या दोन युक्त्या अजून सांगितल्या जातात. एक, पेट्रोलचा कॉक बंद करणे : कार्ब्युरेटरात उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडे अंतर जाते आणि भर रस्त्यात बंद पडते. दुसरी, प्लगची कॅप काढून ठेवणे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे निकष लागू झाले, कार्ब्युरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली आणि नव्या गाड्यांतून हाताने बंद करायचा कॉक जवळजवळ गेला. त्याच्या जागी आता विजेच्या जोडणीत बसवलेला गुप्त स्विच आला आहे. तो माहितगार वायरमनकडूनच बसवावा, नाहीतर वॉरंटीचा वाद आणि पावसाळ्यात शॉर्टसर्किट, दोन्ही वाट्याला येतात.

जीपीएस ट्रॅकरचे शहरात फार कौतुक होते. हे उपकरण उपग्रहावरून जागा ओळखते, पण ती मालकाला कळवते मोबाइल नेटवर्कवरून. चिचगडच्या पुढे जंगलपट्टीत नेटवर्क जाते तिथे ट्रॅकरही मुका होतो. चांगल्या प्रतीचा असेल तर नोंद साठवून नेटवर्क मिळताच पाठवतो. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली तर तो बॅटरीही खातो. महामार्गालगत राहणाऱ्याने तो जरूर घ्यावा, आडगावच्या मालकाने त्याच पैशांत दोन चांगली कुलपे घ्यावीत.

गाडीची ओळख : नंबरप्लेट बदलता येते, गाडीची खरी ओळख तिच्या धातूवर ठोकलेली असते. चासीवर सतरा अक्षरांकांचा क्रमांक असतो, बहुधा हॅण्डलच्या नळीवर, आणि इंजिनाच्या खोळीवर वेगळा इंजिन क्रमांक. चोर हे आकडे घासून काढतात किंवा त्यांवर दुसरे ठोकतात. आकडा ठोकताना पृष्ठभागाखालचा धातूही दबलेला असतो, म्हणून घासलेल्या जागेवर न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्लाची प्रक्रिया केली की पुष्कळदा मूळ आकडे पुन्हा उमटतात. विदर्भासाठी अशी प्रादेशिक प्रयोगशाळा नागपुरात आहे.

उच्च सुरक्षा नोंदणी पाटी १ एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या वाहनांना कारखान्यापासूनच येते. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक आणि निळ्या रंगात देशाचे संक्षिप्त नाव असते; ती एकदाच बसणाऱ्या रिव्हेटने लावतात, काढायची तर तोडावी लागते. जुन्या वाहनांसाठी महाराष्ट्राने दुचाकीचा दर ४५० रुपये अधिक जीएसटी असा ठरवला, आणि मुदत २०२५ मध्ये वारंवार वाढवावी लागली. ही पाटी चोरी थांबवत नाही. मात्र बनावट पाटी ओळखणे नाकाबंदीवरच्या शिपायाला सोपे जाते, आणि एवढ्यासाठीच ती लावून घेण्याजोगी आहे.

चोरीनंतर : वाहनचोरीची नोंद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली होते, त्याआधी ती भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खाली होई. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान एक व कमाल पाच वर्षे सक्तमजुरी. तालुक्यात देवरी आणि चिचगड येथे पोलीस ठाणी आहेत, आणि अपर पोलीस अधीक्षकांचा कॅम्पही देवरीतच आहे. पहिला फोन ११२ ला करावा. सीमावासीयांच्या उपयोगाची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे : गुन्हा कोणाच्याही हद्दीत घडलेला असो, पोलीस ठाण्याला फिर्याद घ्यावी लागते. गाडी डोंगरगडच्या पायथ्याहून गेली तरी देवरीत तक्रार देता येते. ती ‘शून्य’ क्रमांकाने नोंदवून तिकडे वर्ग होते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिलेल्या तक्रारीवर तीन दिवसांत सही करावी लागते. आधी स्वतः दोन दिवस शोधू, मग पाहू, असे म्हणणारे मालक भरपाई तर धोक्यात घालतातच. त्या दोन दिवसांत गाडीने अपघात केला किंवा ती दारूबंदी असलेल्या गडचिरोलीत माल घेऊन पकडली गेली, तर विचारणा प्रथम नोंदणीकृत मालकाकडेच होते.

विम्याबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा झाला. त्याच्यासोबत गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवर पाच वर्षांनंतरची तारीख पाहून मालक निश्चिंत राहतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गाडी गेली की कळते की चोरीचे संरक्षण केव्हाच संपले. तृतीय पक्ष विम्यात चोरीची भरपाई नसते. देवरीत पॉलिसी शोरूमच्या टेबलावर सही होते आणि डिक्कीत जाते, ती वाचणारा विरळा; म्हणून ‘स्वतःच्या नुकसानी’ची तारीख वेगळी पाहून घ्यावी.

भरपाई गाडीच्या घोषित मूल्याएवढी मिळते. हे मूल्य पहिले सहा महिने ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घसाऱ्याने उतरते. पुढे ते कंपनी व मालक यांच्यातील संमतीने ठरते. कंपनी दोन्ही चाव्या, नोंदणी प्रमाणपत्र, फिर्यादीची प्रत आणि तपास लागला नाही तर पोलिसांचा तसा अंतिम अहवाल (‘अ’ समरी) मागते. दुसरी चावी हरवली असेल तर तेव्हाच कळवून ठेवावे. चावी गाडीतच राहिली असेल तर कंपनी निष्काळजीपणाचा आक्षेप घेते. २०२३ मध्ये एका ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा परिस्थितीतही दावा पूर्ण न फेटाळता ७५ टक्के रक्कम देण्याचा आदेश दिला. फिर्याद तत्काळ दिलेली असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा नाकारता येत नाही, हे त्याच न्यायालयाने गुरशिंदर सिंग प्रकरणात २४ जानेवारी २०२० रोजी स्पष्ट केले आहे.

सापडलेली गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा होते. ठाण्याच्या आवारात गवतात गंजणाऱ्या गाड्यांचे दृश्य महाराष्ट्रभर सारखेच आहे, आणि त्यातल्या कित्येक मालकांच्या नुसत्या अर्जाअभावी तिथे असतात. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात (२००२) सर्वोच्च न्यायालयाने वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवू नयेत असे सांगितले. मालकाने न्यायदंडाधिकाऱ्याकडे सुपुर्दनाम्यासाठी अर्ज करावा (नागरिक सुरक्षा संहिता, कलमे ४९७ व ५०३). पंचनामा, छायाचित्रे व बंधपत्र घेऊन गाडी परत मिळते. विम्याची रक्कम आधीच घेतली असेल तर मात्र गाडीवर हक्क कंपनीचा.

जुन्या गाड्यांचा बाजार : चोरीचा माल ज्या दाराने बाहेर पडतो ते हे दार. परिसरात जुनी गाडी पुष्कळदा मुद्रांकावर किंवा नुसत्या शब्दावर हात बदलते. नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावे राहते, गाडी तिसऱ्याकडे असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत, आणि गाडी दुसऱ्या राज्यात जात असेल तर पंचेचाळीस दिवसांत कळवायचे असते. परराज्यात गाडी नेऊन बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर नवा क्रमांक घ्यावा लागतो. हे कोणी फारसे करत नाही. परिणाम दुहेरी होतो. प्रामाणिक माणसाची गाडीही कागदांअभावी चोरीच्या गाडीसारखीच दिसते, आणि त्या गर्दीत चोरीची गाडी खपून जाते. नोंदणी न बदलल्यास अपघाताची जबाबदारी कागदावरच्या मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार प्रकरणात (२०१८) सांगितलेले असल्याने विकणाऱ्यालाही यात सुख नाही.

बाजारभावाच्या निम्म्याने मिळणारी गाडी का मिळते आहे, हे घेणाऱ्याला बहुतेक वेळा उमगलेले असते. कायदाही तसेच धरतो : माल चोरीचा आहे असे मानण्यास कारण असूनही घेतला, तर न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि असा व्यवहार नेहमीचाच असेल तर दहा वर्षे किंवा जन्मठेप. पोलिसांनी एखादी टोळी पकडली की खेड्यापाड्यांतून गाड्या जप्त होतात, घेणाऱ्याचे पैसे बुडतात आणि वर साक्षीला किंवा आरोपी म्हणून फेऱ्या घालाव्या लागतात. देवरीत मोटारसायकल वाचवायची असेल तर जुनी गाडी घेणाऱ्याने चासी व इंजिन क्रमांक पेन्सिलने कागदावर घासून नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहावेत, परिवहन विभागाच्या ॲपवर मालक व स्थिती पाहावी, आणि सीजी पाटीच्या गाडीसाठी नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र हाती पडल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.